जरा निवू द्या की

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एका मेमोची झेरॉक्स पडून आहे. जानेवारी २०१३. मजकूर माझा, सहीही माझी. 'वारंवार तोंडी सूचना देऊनही आपण इन्स्पेक्शन टेबलावरील सरफेस प्लेटवर उत्पादनाचे जॉब ठेवत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे मोजणीस विलंब होतो व सरफेस प्लेटचे नुकसान संभवते.' त्याखाली शिस्तभंगाचं नेहमीचं वाक्य. (सरफेस प्लेट म्हणजे मोजणीसाठीचा एकदम सपाट, जड पाट.) ज्यांना हा मेमो दिला त्यांना सगळा शॉप मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. मेमोत मात्र श्री. लावून पूर्ण नाव आणि टोकन नंबर. मामांनी तो दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "पोच मराठीत सही करून दिली तर चालंल ना साहेब?"

चाकणला तेव्हा आम्ही अॅल्युमिनियमचं एक हाउसिंग बनवायचो. हातात मावेल एवढा जॉब. त्यात बेअरिंग बसायला ५२ मिलिमीटरचं भोक, आम्ही त्याला बोअर म्हणतो, एच ७ मध्ये. म्हणजे ५२.००० पेक्षा कमी चालणार नाही आणि ५२.०३० च्या वर जायचं नाही. मधे ३० मायक्रॉनची जागा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्या जागेत मशीनचा थरथराट, टूलची झीज, कुलंटचा मूड आणि माणसाचा हात, सगळ्यांनी गुण्यागोविंदाने राहायचं.

तक्रार अशी की नाईट शिफ्टचा माल सकाळी फायनल इन्स्पेक्शनला अंडरसाइज निघायचा. दिवसपाळीचा माल ठीक, रात्रीचा लहान. कस्टमरकडे बेअरिंग दाबताना अडल्याचा फोन दोनदा आला. आणि गंमत म्हणजे रात्रीच्या शीटवरचे आकडे कसे, तर ५२.०१४, ५२.०१६, ५२.०१५. पानभर मोत्यांची माळ. असं शीट पाहिलं की क्वालिटीवाल्याच्या मनात पहिली शंका कुठली येते ते सांगायला नको. आकडे न मोजता लिहिलेत.

ही शंका अगदीच वेडगळ नसते. क्वालिटीचा अमेरिकन गुरू डेमिंग एका कारखान्याची गोष्ट सांगत असे. तिथे खराब मालाचं प्रमाण १० टक्क्यांच्या अलीकडे येऊन थांबायचं, वर कधी जायचंच नाही. कारण काय, तर आकडा १० ला पोचला की मॅनेजर कारखाना बंद करणार अशी अफवा होती, आणि तपासनीस घाबरलेला होता. भीतीने लिहिलेला आकडा मीही पाहिलाय. मर्यादेच्या आत एक-दोन मायक्रॉनवर गर्दी आणि मर्यादेच्या पलीकडे एकदम सन्नाटा. पण आमच्या रात्रीच्या शीटवर तशी गर्दी नव्हती, आकडे अगदी मधोमध होते. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. खोटं लिहिणारा माणूस सुद्धा थोडा चढउतार घालतो.

तीन महिने आम्ही प्रोसेस सुधारत होतो. इशिकावांचा माशाचा सांगाडा, म्हणजे दोषाची कारणं काट्यांवर मांडायचा तक्ता, पांढऱ्या फळ्यावर काढला. 'मॅन' या काट्याला सात उपकाटे: ट्रेनिंग नाही, लक्ष नाही, झोप, नवीन पोरं, वगैरे. 'मशीन'ला पाच. स्पिंडल तपासून घेतला, बोअरिंग बारचा इन्सर्ट बदलला, कुलंटचं प्रमाण दोनदा तपासलं. 'मेझरमेंट'च्या काट्यावर एकच ओळ होती: 'आर अँड आर ओके, ८.२ टक्के.' आणि 'एन्व्हायर्नमेंट'समोर माझ्याच अक्षरात: 'लागू नाही.' त्या फळ्याचा फोटो अजून माझ्याकडे आहे. झेरॉक्स कमी पडली तर तो बघतो.

आर अँड आर म्हणजे काय ते या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. एकाच माणसाने तोच जॉब त्याच गेजने पुन्हा मोजला तर आकडा तोच येतो का, हा पहिला आर. माणूस बदलला तरी येतो का, हा दुसरा. ठरलेली रीत अशी की दहा जॉब घ्यायचे, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, मागचा आकडा न बघता आणि जॉबचा क्रम बदलून. झाली ९० रीडिंग. मग हिशोब मांडायचा: या आकड्यांमध्ये जो पसारा दिसतो त्यातला किती जॉबचा स्वतःचा आणि किती मोजण्याचा? मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर गेला तर गेज किंवा पद्धत बदला, मधे असेल तर खर्च आणि गरज बघून ठरवा. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून १९९० मध्ये यासाठी जे मॅन्युअल काढलं, त्याची चौथी आवृत्ती २०१० ची. पुण्याच्या पट्ट्यात गाडीचा नट बनवणाऱ्याकडेही ती सापडेल. वाचलेली असेलच असं नाही.

या टक्क्यांची एक गंमत आहे. ट्रेनिंगला नवीन पोरं येतात तेव्हा कोणीतरी हुशार हात वर करतोच: "सर, मोजण्याचे ३० टक्के आणि जॉबचे ९५ टक्के, बेरीज १२५ कशी?" मी खूश होतो. मग फळ्यावर काटकोन त्रिकोण काढायचा. ३० ही एक बाजू, ९५ दुसरी, कर्ण जवळपास १००. पसारे सरळ बेरजेने जुळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने जुळतात, आठवीतल्या पायथागोरससारखे. त्यामुळे छोट्या बाजूचं कर्णावर फारसं चालत नाही. मोजण्यातली बरीचशी चूक अशी आत दडून बसते आणि एकूण पसारा पाहून कोणाला संशयही येत नाही.

आता आमचे ८.२ टक्के. तो अभ्यास खोटा नव्हता. स्टँडर्ड रूममध्ये, २० अंशाच्या एसीत, आमच्या तीन सगळ्यात सरावलेल्या इन्स्पेक्टरांनी केला होता. दहा जॉब रात्रभर त्याच खोलीत ठेवलेले, पुसून लख्ख. आणि कबूल करतो, जॉब निवडताना मी त्यात दोन रिजेक्ट घातले होते. जॉबमधला फरक जितका मोठा तितका मोजण्याचा वाटा लहान दिसतो, ही युक्ती सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. ऑडिटर आला, आकडा बघितला, टिक केली, चहा घेतला. मॅन्युअल मात्र स्पष्ट सांगतं की रोज जो मोजतो त्याच्याकडून करून घ्या. आमच्याकडे रोज मोजणारे ऑपरेटर वॉशिंग मशीनच्या शेजारी उभे राहून मोजायचे. त्यांच्यातला एकही त्या ९० रीडिंगमध्ये नव्हता.

रात्रपाळीला तीन ऑपरेटर आठवड्याने फिरायचे. मी तीन महिन्यांची रिजेक्शन आठवड्याप्रमाणे मांडली तेव्हा दर तिसऱ्या आठवड्याला खड्डा दिसला, म्हणजे रिजेक्शन एकदम कमी. तो मामांचा आठवडा. आमच्या मीटिंगमध्ये यावर काय निष्कर्ष निघाला असेल? मामा चलाखी करतात. जुना माणूस, अंडरसाइज निघालेले जॉब गुपचूप पुन्हा मशीनवर चढवत असणार. त्यांच्याबद्दल आणखी दोन तक्रारी होत्याच. एक, सरफेस प्लेटवर जॉब मांडून ठेवतात. दुसरी, ऑफसेट, म्हणजे मशीनवर टूलच्या मापाची दुरुस्ती, मारायला टाळाटाळ करतात. आमची लेखी सूचना अशी होती की दर पाच जॉबनंतर मोजा आणि मधल्या मापापासून जेवढा फरक दिसेल तेवढा ऑफसेट लगेच द्या. मामांचा स्वतःचा नियम वेगळा: दोन-तीन रीडिंग एकाच अंगाला सरकल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. "लेकराला उठसूट दटावलं तर ते बिघडतंय साहेब."

यातली दुसरी तक्रार आधी निकालात काढतो, कारण तिथे आमची चूक पुस्तकी आहे. प्रत्येक रीडिंगला जेवढा फरक दिसेल तेवढा उलटा ऑफसेट मारत गेलात, तर नुसत्या चढउताराच्या मागे धावण्यातच पसारा १.४ पट होतो. डेमिंग ते नरसाळ्यातून गोटी सोडून दाखवायचा. कुठला चढउतार मशीनचा नेहमीचा आणि कुठला दखल घेण्याजोगा, हे वेगळं करण्यासाठी तर संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने १६ मे १९२४ रोजी कंट्रोल चार्टचा पहिला आराखडा एका पानाच्या टिपणात मांडला. मामांनी शूहार्टचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते, आणि सूचना मी लिहिली होती.

मेमो दिल्यावर आठवड्याभराने मी रात्री दोन वाजता शॉपवर गेलो. कोणाला न सांगता. हेतू स्वच्छ नव्हता, पकडायलाच गेलो होतो. जानेवारीची रात्र, शटरच्या फटीतून बोचरा वारा. मामा जॅकेटवर जॅकेट घालून. त्यांना बाजूला करून म्हटलं, आज मी मोजतो. वॉशिंग मशीनमधून जॉब बाहेर आला, हवा मारली, टेबलावर घेतला. बोअर गेज मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी कड्यावर, झीरो केला. जॉबमध्ये घालून हलवला, काटा जिथून परततो तिथे वाचलं: ५२.०१६. दुसऱ्यांदा, ५२.०१६. तिसऱ्यांदा तेच. पहिला आर झक्कास.

मामांनी थर्मासमधला चहा पुढे केला. आम्ही बोलत बसलो, त्यांच्या गावाकडच्या विहिरीचं काहीतरी. बोलता बोलता त्यांनी मी मोजलेला जॉब उचलला आणि सवयीने सरफेस प्लेटवर ठेवला. मी काही बोललो नाही, मेमो द्यायचा तो देऊन झाला होता. चहा संपला. ते म्हणाले, "आता घ्या बरं माप." घेतलं. ५२.००४.

मी गेज रिंगवर परत झीरो केला. ५२.००४. जॉबवर चॉकने खूण केलेली होती, तोच जॉब. पंधरा मिनिटांत बोअर १२ मायक्रॉनने आवळला होता. ३० मायक्रॉनच्या जागेतले १२.

"जॉब ताव खाऊन येतो ना तिथनं," मामा वॉशिंग मशीनकडे मान वळवून म्हणाले. "जरा निवू द्या की त्याला. मी मागं म्हणलं होतं तुम्हाला."

म्हणाले होते. मला आठवतंही नव्हतं. नंतर डायरीत शोधलं तर ऑक्टोबरच्या एका पानावर सापडलं: 'ऑप. म्हणतो गरम जॉब मोठा दाखवतो. बघू.' त्या 'बघू'ला तीन महिने लागले.

वॉशिंग मशीनमधलं पाणी गरम असतं, तेल सुटण्यासाठी. मेन्टेनन्समधून बंदुकीसारखा थर्मामीटर आणून जॉबवर रोखला तर त्याने २४ अंश दाखवले. हाताला तर चांगला कोमट लागत होता. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बंदूक थापा मारते, हेही त्या रात्रीच कळलं. दुसऱ्या रात्री टेकवून मोजायचा थर्मामीटर आणला: ३६ अंश. टेबलावरची पोलादी रिंग थंडीत २० वर. अॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ५२ मिलिमीटरला म्हणजे १.२. सोळा अंशांचे झाले १९ मायक्रॉन. शीटवर ५२.०१५ लिहिलेला जॉब, निवला की ५१.९९६. आकडे मनाचे लिहिलेले नव्हते. पोरांनी प्रामाणिकपणे मोजलं होतं, प्रामाणिकपणे ऑफसेट मारला होता आणि प्रामाणिकपणे प्रत्येक बोअर लहान केला होता.

मग दिवसाचा माल ठीक कसा? दिवसा रिंगही २९ अंशांवर असायची, तीही थोडी फुगलेली. पोलाद अॅल्युमिनियमच्या निम्मंच फुगतं, तरी चूक तेवढी खाल्ली जायची. शिवाय दिवसा टेबलाशी गर्दी, जॉब ट्रॉलीत थांबून थांबून ३० पर्यंत उतरलेले. दोन्ही मिळून चूक साडेसहा मायक्रॉनची, ती खपून जायची. म्हणजे आमची चांगली शिफ्ट चांगली होती ती ट्रॉलीतल्या खोळंब्यामुळे. आणि तो खोळंबा कमी करायचा वेगळा प्रोजेक्ट माझ्याच एका सहकाऱ्याकडे होता, त्याची प्रेझेंटेशनं जोरात चालली होती.

या २० अंशांच्या मागे मोठी कथा आहे. फ्रेंचांचा मीटर शून्य अंशाला खरा, इंग्रजांचा यार्ड ६२ फॅरनहाइटला. देशोदेशीचा माल एकमेकांत बसायचा तर एक तापमान ठरवणं भाग होतं, आणि ते १९३१ मध्ये ठरलं: २० अंश सेल्सिअस. तेव्हापासून ड्रॉइंगवर लिहिलेलं प्रत्येक माप २० अंशांचं, मग ड्रॉइंग वाचणारा चाकणच्या मेमधे घामाघूम का असेना. हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो. उत्तरपत्रिकेत लिहिलंही असेल. फळ्यावर मात्र 'लागू नाही' लिहिलं.

या सगळ्यात मला आजीची पायली आठवत राहिली. आमच्याकडे ज्वारी पायलीने मोजली जायची. सरकारने १९५६ चा कायदा करून किलो आणला, १९५८ पासून तो लागू व्हायला लागला, तरी माझ्या लहानपणी घरात पायली, शेर, मापटं, चिपटं होतंच. पायलीला काही दोष नव्हता, पितळी, काठाला जरा चेपलेली. प्रश्न शिगेचा. आजी उसनी ज्वारी देताना पायली भरून वरून हात फिरवायची, काठोकाठ. शेजारची काकू परत करायला आली की आजी नुसती बघत बसायची आणि म्हणायची, "शीग लाव की गं." काकू वरून ओतायची तर दाणे दबून जास्त बसायचे, आजी हळूच सोडायची तर कमी. माप एक, माणसं दोन, आणि दर वर्षी त्यावरून बोलाचाली. दुसरा आर. आजीला हे कोणी समजावलं असतं तर तिने त्यालाच पायली हातात देऊन मोजायला बसवलं असतं.

मीही शेवटी तेच केलं. आर अँड आर नव्याने घेतला, रात्री, वॉशिंग मशीनच्या शेजारी, तिन्ही ऑपरेटर, दहा जॉब धुऊन आले तसे. रिजेक्ट मुद्दाम घातले नाहीत. पहिल्या फेरीपासून तिसऱ्या फेरीपर्यंत जॉब निवत जात होते आणि आकडे उतरत जात होते, उन्हातल्या बर्फासारखे. निकाल: ६४ टक्के. या जॉबमध्ये किती गट वेगळे ओळखू येतात याचाही एक आकडा असतो, तो किमान ५ हवा. आमचा आला १. म्हणजे तो गेज त्या टेबलावर सगळ्या जॉबना एकाच पोत्यात भरत होता. गेज तोच, जो वर एसीत ८.२ देत होता. मी दोन्ही कागद शेजारी लावून बॉसकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हा दुसरा कागद कस्टमरला गेलाय का?"

उपाय निघाला तो दिसायला अगदी साधा. शॉपवर एसी बसवणं परवडणार नव्हतं, आणि प्रत्येक जॉब अर्धा तास थांबवला तर दिवसाचं प्रॉडक्शन कोसळलं असतं. म्हणून एक चांगला जॉब निवडला, स्टँडर्ड रूममध्ये २० अंशाला त्याचा बोअर मोजला, ५२.०१४ निघाला, तो त्यावर कोरला आणि त्यालाच मास्टर केलं. तोही अॅल्युमिनियमचा, तेवढ्याच वजनाचा. दर लॉटबरोबर तो वॉशिंग मशीनमधून जातो, जॉबइतकाच तापतो, जॉबइतकाच फुगतो. गेज त्याच्यावर लावायचा. दोघांची चूक सारखी, म्हणून वजाबाकीत उडून जाते. अॅल्युमिनियम मऊ, लवकर झिजतं, म्हणून दर महिन्याला तो वर नेऊन पुन्हा मोजायचा. आणि ऑफसेटची सूचना बदलून मामांचा नियम लिहिला. सूचनेखाली 'तयार करणार' या रकान्यात माझं नाव आहे, कारण तिथे ऑपरेटरचं नाव टाकायची सोय सिस्टीममध्ये नाही.

मेमो मागे घ्यायला पर्सोनेलमध्ये गेलो तर तिथल्या बाईंनी बरंच शोधून सांगितलं की मेमो द्यायचा फॉर्मॅट आहे, रद्द करायचा नाही. मी कौतुकाचं पत्र काढतो म्हटलं, तर ते मंजुरीला वर जाऊन अडकलं. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू द्या साहेब. फायलीत एखादा कागद हवाच माणसाच्या."

नवी पद्धत सुरू झाली त्या आठवड्यात मी पुन्हा रात्री थांबलो. मामांची पाळी होती. वॉशिंग मशीनचं दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला. त्यांनी पहिल्यांदा कोरलेला मास्टर उचलला, फडक्याने आतून बाहेरून टिपला, गेज आत घालून काटा जुळवला. मग शेजारच्या नवीन पोराकडे वळून म्हणाले, "मास्तरांची अंघोळ झाली. आता पोरं घे एकेक."